गणपतीच्या मंचावर रॅपला एक संध्याकाळ द्या

इंदूरच्या कुठल्याही मराठी मंडळाच्या बैठकीला बसा, चहा येण्याआधी एक काळजी हमखास निघते: मुलं मराठी बोलत नाहीत. आईने मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत येतं, शाळेत इंग्रजी, मित्रांमध्ये ‘क्या भिया’, आणि मराठी उरते ती आरतीपुरती, तीही मोबाइलवर बघून. ही काळजी खरी आहे आणि माझीही आहे. पण त्याच बैठकीत पुढच्या अर्ध्या तासात गणेशोत्सवाचे कार्यक्रम ठरतात. पुण्याहून येणारी सुगम संगीताची मंडळी, एक नाटक, एक कीर्तन, महिलांची पाककला स्पर्धा, लहानांसाठी चित्रकला आणि श्लोकपाठांतर. १६ ते २२ वयाच्या मुलांच्या वाट्याला खुर्च्या मांडणं आणि पंगतीत वाढणं. यंदा एका मंडळात या मुलांनी आपणहून मराठी रॅपसाठी, म्हणजे ठेक्यावर यमक जुळवून बोलण्यासाठी, एक संध्याकाळ मागितली. ‘गणपतीपुढे हे शोभत नाही’ एवढ्या एका वाक्यावर ती मागणी निकालात निघाली.

ती संध्याकाळ द्यायला हवी होती, आणि पुढच्या वर्षी इंदूरच्या प्रत्येक मराठी मंडळाने ती द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांचं मन राखायला मी हे म्हणत नाही. वर्षानुवर्षं खटपट करून आपल्याला जे साधलं नाही, ते ही कला मुलांकडून करून घेते: स्वतः रचलेलं, आपल्या गल्लीच्या बोलीत, आपल्या नावावर, चार लोकांसमोर उभं राहून बोलणं.

रॅप ज्या हिप हॉपचा भाग आहे त्याचं नाकारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र आहे ते मोठ्या गाड्या, गळ्यात जाड साखळ्या आणि लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांचं आहे. मूळ गोष्ट अगदी वेगळी आहे. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतल्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा उघडायच्या आधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. आमंत्रणं हाताने लिहिलेली. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकातून आलेला, ज्याला पुढे जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागलं. माइकवर त्याचा मित्र कोक ला रॉक. तो काय करत होता? जमलेल्या मित्रांची नावं घेत होता, अधूनमधून एखादी यमक जुळवलेली ओळ टाकत होता. आज जगभर पसरलेल्या रॅपची सुरुवात ही अशी, ज्यांचं नाव कुठल्याच माइकवरून कधी घेतलं जात नव्हतं त्यांचं नाव घेण्यापासून झाली.

हर्कने एक गोष्ट हेरली होती. गायक थांबतो आणि नुसते ड्रम उरतात त्या तुकड्यावर मुलं जीव ओतून नाचतात, आणि तो तुकडा काही सेकंदांत संपतो. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायला सुरुवात केली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तेवढ्यात पहिली हाताने मागे फिरवायची. ग्रँडमास्टर फ्लॅश हा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मुलगा. त्याने रेकॉर्डवर क्रेयॉनने खूण करून तो तुकडा नेमका पकडायची रीत बसवली. या मुलांकडे वाद्यं नव्हती. १९७५च्या सुमाराला न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या कडेला आलं तेव्हा शाळांतल्या संगीतशिक्षणावर कात्री चालली. त्याआधीच क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे हा मोठा रस्ता वस्त्यांच्या पोटातून काढून हजारो कुटुंबं उठवलेली होती, आणि सत्तरच्या दशकात तिथल्या इमारतीच्या इमारती जळत होत्या. घरात जुन्या रेकॉर्डी होत्या, त्यांतूनच या मुलांनी वाद्य घडवलं.

इंदूरच्या माणसाला हे कळायला जड जाऊ नये. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली आणि कामगारांची थकलेली देणी हातात पडायला २०२३चा डिसेंबर उजाडला. मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, एकेक भोंगा गप्प झाला. तरीही अनंत चतुर्दशीच्या रात्री या मिलांच्या नावाच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, निघत राहिल्या. पगार नाही, मिल नाही, पण वर्गणी गोळा करून, जुन्या सांगाड्यांवर नवे दिवे चढवून कामगारांनी झांक्या उभ्या केल्या, पुढे आखाडे, मागे झांकी, आणि अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर. जे हिरावलं गेलं त्याच्या जागी जे हाताशी आहे त्यातून काहीतरी उभं करायचं आणि ते सगळ्यांना दाखवायचं, ही जिद्द दोन्हीकडे एकच आहे. ज्या शहराने झांकी जपली त्याने रॅपला परकं म्हणू नये.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते भाषेबद्दल, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या गल्लीत अकरावीतला एक मुलगा आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, बोलणं सगळं हिंदीत. संध्याकाळी कोचिंगहून आला की घराच्या ओटल्यावर बसतो, मोबाइलवर बारीक आवाजात बीट लावतो आणि बोटांच्या पेरांनी फरशीवर ठेका धरतो. एकदा आत त्याची आजी किसासाठी भुट्टे, म्हणजे मक्याची कणसं, किसत होती. यानं बाहेरून विचारलं, ‘‘आजी, ‘गाड्या’ला काय जुळेल?’’ आजीचे हात थांबले नाहीत. ‘‘माड्या, वाड्या, काड्या, होड्या, बेड्या,’’ तिने एका दमात सांगितलं. ‘‘माड्या म्हणजे?’’ मग तिने सांगितलं, त्यांच्या जुन्या घराला माडी होती, जिना लाकडी होता, तिथून मिलची चिमणी दिसायची, आणि भोंगा झाला की सासरे चपला घालायचे. तो उठून आत जाऊन बसला. मी तिथे होते ते दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने मला ओळी म्हणून दाखवल्या:

ओटल्यावर आजोबा मोजत बसतात गाड्या,
मिलचा भोंगा झाला मुका, उठल्या उंच माड्या,
पोरं म्हणती ‘चलो भिया’, आजी म्हणते ‘वेड्या,
जिभेवरल्या मराठीला घालू नको बेड्या’.

मात्रा मोजायला बसलं तर चुका निघतील. ‘चलो भिया’ हिंदी आहे. पण मला विचाराल तर आपल्या भाषा-संवर्धनाच्या सगळ्या ठरावांनी मिळून जे केलं नाही ते या चार ओळींनी केलं. या मुलाला मराठी शब्दांची गरज पडली. आजवर आपण त्याला मराठीचा अभिमान बाळगायला सांगत होतो, आणि अभिमान बाळगायला शब्द लागत नाहीत, घोषणा पुरतात. यमक जुळवायला मात्र शब्द लागतात, पुष्कळ लागतात, आणि ते शब्द ज्यांच्याकडे आहेत त्या माणसांकडे जावं लागतं. घरातल्या आजीला नातवाने औषध घेतलंस का, एवढंच विचारायचे दिवस आलेत. इथे तो तिच्याकडे तिचं बोलणं मागायला गेला. पाठांतराच्या स्पर्धेत हे होत नाही. तिथे मूल दुसऱ्याचे शब्द उचलतं आणि बक्षीस मिळालं की खाली ठेवतं.

आता ‘शोभत नाही’कडे वळते. गणपतीपुढे काय शोभतं हे ठरवताना आपण त्या मंचाचा इतिहास विसरतो. १८९३पासून लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तेव्हा त्या उत्सवाचा जीव होते मेळे. तरुण पोरांची पथकं, एकसारखे पोशाख, हातात टिपऱ्या, आणि ताज्या घडामोडींवर रचलेली पदं. ती पदं सोवळी नव्हती. सरकारवर, समाजावर, एकमेकांवर तुटून पडणारी होती, म्हणून तर इंग्रज सरकारने त्यांच्यावर नजर ठेवली आणि बंधनं घातली. म्हणजे यमक जुळवून रोखठोक बोलणारी तरुण मुलं हा या मंचाचा मूळ कार्यक्रम आहे. बाहेरगावाहून कलाकार बोलवून खुर्चीत बसून टाळ्या वाजवणं नंतर आलं.

‘यात संगीत कुठे आहे, नुसती बडबड आहे’ असंही एका ज्येष्ठ गृहस्थांनी म्हटलं. त्यांना कीर्तनाची आवड आहे, म्हणून मी त्यांना कटावाची आठवण देते. अमृतरायांचे कटाव अठराव्या शतकातले. अनुप्रासावर अनुप्रास चढवत, श्वास न तोडता, टाळ-मृदंगाच्या लयीवर धावत जाणारी रचना. चांगला कीर्तनकार कटाव म्हणायला लागला की श्रोत्यांना शब्द कळण्याआधी नाद कळतो. त्यात आलापी नाही, सूर फारसे हलत नाहीत, सगळी करामत लयीची आणि जिभेची. तबलजी बोलांची पढंत करतो तेव्हा तरी तो गातो का? मराठी कानाला लयीत बोलणं नवं नाही. पोवाडा घ्या, फटका घ्या, नाथांचं भारूड घ्या. रॅपमध्ये जे आपल्याला खरोखर नवं आहे ते त्याचं ठेक्यावर उशिरा किंवा लवकर उतरणं, ओळीच्या मध्येच यमक पेरणं, आणि ते आपल्या मुलांनी शिकलं तर मराठी पद्याचा फायदाच आहे.

आणि परकेपणाचं म्हणाल तर पेटीची गोष्ट आठवा. हार्मोनियम युरोपातून आली. ती परदेशी आहे, तिच्यात मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती बिघडतात म्हणून १९४० ते १९७१ अशी ३१ वर्षं आकाशवाणीवर तिला बंदी होती. त्याच काळात आपल्या संगीत नाटकांत ऑर्गन वाजत होता आणि घरोघरच्या भजनात पेटी. आज पेटीवाचून आपलं भजनी मंडळ बसेल का? भावगीतही रेडिओ आणि ग्रामोफोनच्या बळावर वाढलं; याच इंदूरमध्ये जन्मलेले अरुण दाते त्या नव्या गाण्याचा आवाज झाले. ज्या गोष्टी आता आपल्याला घरच्या वाटतात त्यांतल्या कितीतरी एके काळी दारात उभ्या होत्या.

आपल्या माळव्याचीच साक्ष काढायची तर तुर्रा-कलगी आहे. चंदेरीच्या दरबारात तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांना तुरा आणि कलगी मिळाली आणि तिथून दोन पक्ष झाले, अशी कथा सांगतात. तुर्रावाले शिवाची बाजू घेणार, कलगीवाले शक्तीची. रात्रभर डफावर सवाल-जवाब. समोरच्याने टाकलेलं कोडं त्याच चालीत, त्याच यमकात सोडवून परत नवं कोडं टाकायचं. माळव्याच्या माच या नाट्यप्रकारामागेही ही परंपरा आहे, आणि महाराष्ट्रात तिलाच आपण कलगी-तुरा म्हणतो. रॅपमध्ये दोघं समोरासमोर ओळींनी भिडतात त्याला बॅटल म्हणतात, ते पाहिलं की मला हाच फड दिसतो. मराठी आणि माळवी या दोन्ही परंपरांचा वारसा ज्या शहराकडे आहे तिथल्या मुलांना आपण ‘हे तुमचं नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगतो?

या बॅटलमध्ये रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असं फार काही आहे. तिची मुळं फार गंभीर आहेत. डिसेंबर १९७१मध्ये ब्रॉन्क्समधल्या टोळ्यांच्या भांडणात ‘ब्लॅक बेंजी’ हा घेटो ब्रदर्स टोळीचा तरुण समेट करायला गेला आणि मारला गेला. सूड घ्यायची तयारी झाली होती. पण सूडाऐवजी काही दिवसांतच, ८ डिसेंबरला, होव ॲव्हेन्यूच्या एका मुलांच्या क्लबात टोळ्यांचे पुढारी एकत्र बसले आणि शस्त्रसंधी केली. त्यामुळे मुलांना एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाणं शक्य झालं. हर्कच्या पार्ट्यांना सगळीकडची मुलं येऊ शकली ती या मोकळ्या झालेल्या रस्त्यांवरून. भांडण संपलं नाही, त्याने रूप बदललं: नाचून हरवायचं, बोलून हरवायचं, आणि हरलेल्याने पुढच्या आठवड्यात नवी तयारी करून परत यायचं.

आपल्याकडे आता वाद म्हणजे व्हॉट्सॲपच्या गटातून निघून जाणं. भावाभावांत, सोसायटीत, मंडळातसुद्धा. समोरासमोर उभं राहून, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून, त्याच्या मुद्द्यालाच उत्तर देण्याची सवय मोडली आहे. बॅटलमध्ये घोकून आणलेलं बोललात तर लगेच उघडं पडतं, कारण समोरच्याने आत्ता काय म्हटलं त्याला तुमचं उत्तर नसतं. ऐकणं हा तिथे शिष्टाचार म्हणून येत नाही, ऐकलं नाही तर हार होते. सायफरमध्ये, म्हणजे मुलं गोल करून उभी राहतात आणि आळीपाळीने बोलतात तेव्हा, आणखी एक शिस्त असते: तुमची पाळी छोटी, कुणी मध्ये तोडायचं नाही, आणि सगळ्यात कच्च्या मुलालाही त्याची पाळी मिळते. मी अशा घोळक्याजवळ उभी राहून पाहिलं आहे. एक मुलगा तोतरा होता. ठेक्यावर तो दोनदा अडला. बाकीच्यांनी हातांनी ठेका चालू ठेवला, कुणी हसलं नाही, आणि तिसऱ्या वेळी त्याची ओळ पुरी झाली. आमच्या वक्तृत्व स्पर्धेत अशा मुलाचं नावच कुणी दिलं नसतं.

चोरीविषयीची या मुलांची चीड मला विशेष आवडते. दुसऱ्याची ओळ आपली म्हणून खपवणं हा त्यांच्यात सगळ्यात मोठा गुन्हा. १९७९मध्ये रॅपची पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यातल्या एका गायकाने ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या ओळी घेतल्या होत्या आणि कॅझचं नाव कुठेच नव्हतं. हिप हॉपवाले ती गोष्ट आजही विसरलेले नाहीत. ज्या वयात मुलं प्रकल्पसुद्धा इंटरनेटवरून उतरवून देतात, आणि आता तर निबंधही यंत्राकडून लिहून घेतात, त्या वयात ‘हे तुझं स्वतःचं आहे का?’ हा प्रश्न त्यांना मित्रांकडून येतो, शिक्षकांकडून नाही. त्याची धार वेगळी असते. जुन्या गाण्याचा तुकडा उचलून त्यावर नवं रचायची पद्धतही आहे, पण तिथेही मूळ मालकाला विचारणं आणि त्याचं नाव देणं आलं. १९९१मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने परवानगीवाचून तुकडा वापरणं ही चोरी ठरवली. आपल्या घरांत आजोबांच्या भजनांच्या कॅसेटी धूळ खात पडल्या आहेत. नातवाने त्यांतला मृदंग उचलून आपल्या बीटमध्ये घातला, आणि आजोबांचं नाव घेतलं, तर मला ते श्राद्धाच्या पिंडाइतकंच पवित्र वाटेल.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. शिव्या, बायकांबद्दलचं घाणेरडं बोलणं, दारू, पैशांचा माज. हे सगळं रॅपमध्ये आहे, आणि ते ‘कलेचं स्वातंत्र्य’ म्हणून चालवून घ्यायची माझी तयारी नाही. हिंदी आणि पंजाबीतली जी गाणी लाखो-कोटी वेळा ऐकली जातात त्यांतली काही एका बाईला माणूस म्हणून पाहतच नाहीत. आमच्या मुलींना ती ऐकत मोठं व्हावं लागतं याचा मला राग आहे. पण बंदी घातली तर काय होतं ते आपण पाहतोच आहोत. मुलं तीच गाणी कानात इअरफोन घालून ऐकतात आणि तसंच लिहायला शिकतात, कारण त्यांचा श्रोता एकच उरतो, त्यांच्याच वयाचा दुसरा मुलगा. श्रोते बदलले की कला बदलते. समोर पहिल्या रांगेत आजी, मावशी, आपली शिक्षिका आणि धाकटी बहीण बसली आहे हे माहीत असताना लिहिलेली ओळ वेगळी येते.

या बाबतीत अनंत फंदीची गोष्ट कुणीतरी मला उत्तर म्हणून सांगेल, तर ती मीच आधी सांगते. संगमनेरचा हा शाहीर, तमाशाचा फड गाजवणारा. अहिल्याबाई होळकरांपुढे तो आला तेव्हा त्यांनी त्याला तमाशा सोडायला सांगितलं आणि तो कीर्तनाकडे वळला, अशी कथा आहे. यावरून ‘बघा, अहिल्याबाईंनाही असले प्रकार चालत नव्हते’ असा निष्कर्ष काढला जातो. मला त्यात दुसरं दिसतं. त्यांनी त्याला गप्प बसवलं नाही. त्याची प्रतिभा ओळखली आणि तिला उभं राहायला दुसरी जागा दाखवली. त्याचे फटके आजही लोकांच्या तोंडी आहेत. आपण अहिल्याबाईंचं नाव घेतो, त्यांची पालखी काढतो, तर त्यांचं हे शहाणपणही घ्यावं: पोराला दारातून परत पाठवू नये.

मुलींचा प्रश्न मात्र आपोआप सुटणार नाही, तिथे मंडळाला हात घालावा लागेल. हिप हॉपची पहिली पार्टी एका मुलीने ठेवली. फंकी फोर प्लस वन या गटात शा-रॉक ही मुलगी माइकवर होती आणि १४ फेब्रुवारी १९८१ला हा गट अमेरिकेच्या राष्ट्रीय टीव्हीवर झळकला. तरीही इंदूरमध्ये ओटल्यांवर आणि बागांत जे घोळके दिसतात त्यांत मुली कडेला उभ्या असतात, मोबाइलवर चित्रण करत. त्यांना संध्याकाळी घराबाहेर उभं राहायची मुभा नाही हे एक कारण. मंडळाच्या सभागृहात, पालकांच्या डोळ्यांदेखत जागा मिळाली तर हे कारण उरत नाही. ज्या काकू ‘शोभत नाही’ म्हणाल्या त्यांच्याच मुलीच्या वहीत काय लिहिलेलं आहे ते एकदा ऐकायला हवं.

राजकारणाची भीतीही आहे, ती कुणी उघड बोलत नाही. पहिल्या रांगेत देणगीदार आणि नगरसेवक बसतात; पोरगं रस्त्यावर, पाण्यावर, भंवरकुआँतल्या कोचिंगच्या फीवर काही बोललं तर? महाराष्ट्रात २०२३मध्ये राजकारण्यांवर मराठी रॅप केल्याबद्दल तरुणांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा ही भीती अगदीच हवेतली नाही. पण शायर राहत इंदौरींच्या शहराने तरी इतकं घाबरू नये. तरुणपणी दुकानांचे फलक रंगवणारा हा माणूस आपल्या नावात गावाचं नाव लावून देशभरच्या मंचांवर उभा राहिला, सत्तेला खडे बोल सुनावत आला, आणि समोर बसलेल्या पुढाऱ्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या. योगायोग असा की २०२०मध्ये ते गेले तो दिवसही ११ ऑगस्टच होता, सिंडीच्या त्या पार्टीचा दिवस.

इंदूरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा भरवलं. महाराष्ट्राबाहेरच्या शहराला ही मोठी शोभा आहे, आणि ती आपल्याला आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने मिळवून दिली, कारण त्यांना मराठीत काही लिहायचं होतं. आजच्या अकरावीतल्या मुलाला जे लिहायचं आहे ते शुद्ध नाही. त्यात माळवी आहे, इंदुरी हिंदी आहे, इंग्रजी आहे. बाहेरून पाहुणे येतात तेव्हा आपल्या मराठीला हसतात, आणि त्या हसण्याला घाबरून आपण मुलांच्या चुका काढत बसलो. मुलांनी चुका टाळायचा सोपा उपाय शोधला आणि मराठी बोलायचं सोडलं. रॅपमध्ये ती सरमिसळ लपवावी लागत नाही. ब्रॉन्क्सच्या मुलाने ब्रॉन्क्ससारखं बोलायचं, मुंबईच्या मुलाने मुंबईसारखं, आणि त्यात जो दुसऱ्या गावाचा आव आणेल त्याची फजिती होते. इंदूरच्या मराठीला इतक्या सन्मानाने वागवणारी दुसरी कला मला माहीत नाही. आणि जगात तिची प्रतिष्ठा वाढायला आपली वाट पाहिलेली नाही: २०१८मध्ये केंड्रिक लमार या रॅपरला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगच्या, म्हणजे हिप हॉपमधल्या नाचाच्या, स्पर्धा झाल्या.

माझी मागणी छोटी आहे. दहा दिवसांतली एक संध्याकाळ, सात ते साडेनऊ, म्हणजे दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद होतो. ट्रकवर चढवलेली स्पीकरची भिंत नको, सभागृहातला रोजचा माइक आणि एक बरा स्पीकर पुरे. बोलायचं ते स्वतः रचलेलं, आणि त्यात मराठी असावी. हिंदी शब्द आला म्हणून गुण कापायचे नाहीत, किंबहुना गुणच द्यायचे नाहीत, टाळ्यांवर ठरवावं. शिव्यांचा नियम मुलांनी स्वतः बसवावा आणि तो त्यांनीच पाळून घ्यावा. निम्म्या जागा मुलींसाठी राखाव्यात आणि त्या भरेपर्यंत घरोघरी जाऊन विचारावं. पुण्याच्या कलाकारांना जसं मानधनाचं पाकीट देतो तसं, लहान का होईना, या मुलांनाही द्यावं, स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र देऊन बोळवण करू नये. आणि कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी शेवटपर्यंत बसावं, उद्घाटन करून निघून जाऊ नये.

कार्यक्रमपत्रिका आषाढात छापायला जाते. तेव्हा या संध्याकाळचा विषय ज्येष्ठातल्या बैठकीतच यायला हवा, आणि त्या बैठकीला ज्यांनी मागणी केली होती ती मुलं बोलवायला हवीत, चहा द्यायला नव्हे, बोलायला.